मास्तरांचं मासिक, मास्तरांचे सवाल

मागच्या दोन अंकांत जागा नव्हती म्हणून वाचकांच्या प्रश्नांचं हे पान राहून गेलं आणि पत्रं साचत गेली, काही पोस्टानं, बरीचशी व्हॉट्सअपवर, आणि एक तर चक्क केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत चहाच्या कपाखाली ठेवून दिलेलं. यावेळी बहुतेक प्रश्न मुलांबद्दलचे नाहीत, मासिकाबद्दलच आहेत. आधीच सांगतो, मी पत्रकारितेचा कोर्स केलेला माणूस नाही. 34 वर्षं खडू घासला, रिटायर झालो आणि दोस्तांनी हे अंकाचं लोढणं गळ्यात अडकवलं, ते अजून आहे. त्यामुळे उत्तरं अनुभवाची आहेत, चुकली तर कळवा.

प्रश्न : आम्ही सहा जण आहोत, चार झेडपीचे आणि दोन हायस्कूलचे. तालुक्यातल्या शिक्षकांसाठी मासिक काढायचं डोक्यात आहे. नोंदणी लागते का, खर्च किती येतो, सुरुवात कुठून करावी? (एक शिक्षक, अहमदपूर, जि. लातूर)

सर, सहा जण आहात हे वाचून बरं वाटलं, कारण तिसऱ्या अंकापर्यंत त्यातले दोनच उरतात, तेव्हा सुरुवातीला सहा तरी पाहिजेतच.

नोंदणीचं असं आहे की आधी 1867 चा इंग्रजांच्या काळातला कायदा होता, कलेक्टर ऑफिसातून नावाचा अर्ज करा, दिल्लीहून नाव मंजूर होऊन येईल त्याची वाट बघा, मग डिक्लेरेशन द्या, असा दोन-दोन वर्षांचा कारभार चालायचा. आता 2023 चा नवा कायदा आलाय आणि 1 मार्च 2024 पासून तो लागू आहे. प्रेस सेवा पोर्टलवर नावाचा आणि नोंदणीचा अर्ज एकदमच भरायचा, जिल्हाधिकाऱ्यांकडं तो ऑनलाइनच जातो, त्यांना म्हणणं मांडायला 60 दिवस असतात, आणि पूर्वी ज्याला आपण आरएनआय म्हणायचो ते आता प्रेस रजिस्ट्रार जनरल झालेत ते नोंदणी देतात. नावं मात्र चार-पाच तयार ठेवा. 'ज्ञानदीप', 'शिक्षणवेध', 'गुरुवार्ता' असलं काही सुचलं असेल तर ते महाराष्ट्रात कुणीतरी आधीच घेऊन ठेवलंय असं धरूनच चाला. नुसतं शैक्षणिक, संशोधनाचं जर्नल असेल तर ते या कायद्याच्या व्याख्येत बसत नाही, पण तुम्ही बदल्या, पगार, निवडणुका असल्या बातम्या आणि त्याच्यावर मतं छापणार, म्हणजे नोंदणी करूनच घ्या.

आता खरा पेच, आणि याच्याबद्दल कुणी आधी सांगत नाही. तुमच्यातले चार जण जिल्हा परिषदेचे. त्यांना 1967 चे वर्तणूक नियम लागू आहेत. शैक्षणिक लेख लिहिणं, कविता लिहिणं वेगळं आणि अंकाच्या आतल्या पानावर 'संपादक' म्हणून नाव छापणं वेगळं, त्याला आधी परवानगी काढावी लागते. परवानगीचा अर्ज करा, त्याची पोच जपून ठेवा, आणि तोपर्यंत एखाद्या रिटायर गुरुजींना संपादक-प्रकाशक करा. आमच्याकडं बरेच जण बायकोच्या नावावर अंक काढतात, ती बिचारी आयुष्यात अंकाचं एक पान उलटत नाही पण 'मालक, मुद्रक, प्रकाशक' म्हणून तिचं नाव दर महिन्याला छापून येतं. मला ते पटत नाही. उद्या कुणी नोटीस पाठवली तर ती तिच्या नावानं येते, तुमच्या नाही.

खर्चाचं गणित सोपंय पण लोक उलटं करतात. छपाई फर्म्याच्या, म्हणजे एका मोठ्या कागदावर जेवढी पानं बसतात तेवढ्यांच्या, हिशेबानं होते. 16 पानांचा एक फर्मा धरला तर 48 पानांचा अंक म्हणजे तीन फर्मे आणि वरून कव्हर. आता 50 पानं केली की त्या दोन पानांसाठी प्रेसवाला वेगळा कागद, वेगळी प्लेट लावतो आणि पैसे लावतो ते तर लावतोच. म्हणून पानं आधी ठरवा आणि मजकूर त्यात बसवा. दुसरं म्हणजे प्लेटचा खर्च 300 प्रती काढा की 1000 काढा, तेवढाच असतो, म्हणून कमी प्रतींचा अंक एका प्रतीला महाग पडतो. हे ऐकून लोक म्हणतात मग हजारच काढू. आम्हीपण म्हणलं होतं. पहिल्या वर्षीचे गठ्ठे अजून माझ्या माळ्यावर आहेत, उंदरांनी दिवाळी अंकापासून सुरुवात केली. वर्गणीदार मोजा, त्यावर 50 प्रती जास्त काढा, बस. आतला कागद 70 जीएसएम वजनाचा मॅपलिथो चालतो, रंगीत फक्त कव्हर ठेवा, मधे पिना मारून घ्या.

वर्गणी महिन्याच्या शिक्षण परिषदेत गोळा होते, घरी फोन करून होत नाही. आणि एक वर्षाचीच घ्या. आम्ही जोशात 'आजीव वर्गणीदार' केले, त्यांचे पैसे दोन वर्षांत कागदात गेले आणि ते मात्र, देव त्यांना उदंड आयुष्य देवो, अजून अंक घ्यायलेत.

प्रश्न : 'ज्ञानरचनावादी अध्यापन : काळाची गरज' हा सहा पानांचा लेख मी पाठवला होता. तुम्ही दीड पान छापलं, लेखाचं नावही बदललं. इतर मासिकं लेख जसाच्या तसा छापतात. मला वाईट वाटलं म्हणून लिहिते आहे. (एक शिक्षिका, जिंतूर, जि. परभणी)

मॅडम, वाईट वाटणारच, आणि फोन केला तेव्हा लेखाचं नाव बदलतोय हे मी सांगायला पाहिजे होतं, ती माझी चूक. पण कापलं का ते सविस्तर सांगतो, कारण हे तुमच्या एकटीचं नाही.

तुमच्या लेखाची पहिली चार पानं 'आजच्या स्पर्धेच्या युगात' इथून सुरू होऊन पियाजे, वायगॉट्स्की (मूल कसं शिकतं हे सांगणारे मानसशास्त्रज्ञ) असं करत करत डीएडच्या नोट्सवरून गेली. ते सगळं खरं आहे पण ते आमच्या प्रत्येक वाचकानं परीक्षेत एकदा लिहिलेलं आहे. आणि मग पाचव्या पानाच्या तळाशी तुम्ही तीन ओळींत एक गोष्ट सांगून टाकली, जणू काही विशेष नाही अशी. तिसरीच्या एका पोरीला तुम्ही 403 वजा 178 दिलं. तिनं लिहिलं 375. तुम्ही चूक अशी फुली मारली, पण मग थांबलात आणि विचारलं, कसं केलं गं? ती म्हणली, "बाई, तुम्हीच म्हणलात की लहानातून मोठं जात नाही. मग मी मोठ्यातून लहान काढलं."

मॅडम, मी हे वाचून खुर्चीतून उठलो. आठातून तीन गेले पाच, सातातून शून्य गेलं सात, चारातून एक गेला तीन. 375. पोरीनं एकही आकडा निष्काळजीपणानं लिहिला नाही, तिनं आपलंच वाक्य नीट पाळलं. हे वाक्य मीसुद्धा 34 वर्षं फळ्यापुढं उभं राहून म्हणलंय. किती पोरांनी ते असं पाळलं असेल आणि मी फुली मारून वही परत केली असेल.

त्यानंतर तुम्ही जे केलं ते तर तुम्ही फक्त 'साहित्याचा वापर केला' एवढ्या तीन शब्दांत उडवलं होतं. म्हणून मी फोन करून विचारलं, आणि तुम्ही सांगितलं ते अंकात छापलं. तुराट्या आणून दहा-दहाचे गठ्ठे बांधले, दहा गठ्ठ्यांचा एक भारा. पोरीपुढं चार भारे आणि तीन सुट्या काड्या ठेवल्या आणि म्हणलं यातल्या 178 मला दे. तिला आठ सुट्या द्यायच्या होत्या आणि हातात तीनच. दशकाच्या जागी बघितलं तर गठ्ठाच नाही. मग ती थेट भाऱ्याकडं गेली, एक भारा सोडला, दहा गठ्ठे निघाले, त्यातला एक गठ्ठा सोडला, आता तेरा सुट्या. तेरातून आठ, नवातून सात, तीनातून एक. 225. शून्याच्या घरातून हातचा का घेता येत नाही आणि मग तिथं नऊ कसे येतात हे तिनं दोरी सोडून बघितलं. अंक गेल्यावर औंढ्याकडच्या एका सरांचा फोन आला, त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेच करून बघितलं, आणि त्यांच्या वर्गात असं उत्तर काढणारी पोरं एक नाही, पाच निघाली.

आता सांगा, ती चार पानं छापली असती तर त्यांनी पाचव्या पानापर्यंत वाचलं असतं का?

जाता जाता एक. हल्ली चॅटजीपीटीकडून लिहून घेतलेले लेख यायलेत. ओळखू येतात. त्यात एकाही पोराला नाव नसतं, एकाही शाळेचं छप्पर गळत नाही आणि शेवटी सगळ्यांचं भविष्य उज्ज्वल होतं. असा लेख मी परत पाठवत नाही, फोन करून विचारतो की तुमच्या वर्गात या आठवड्यात काय झालं. तिथं माणूस हमखास काहीतरी भारी सांगतो. मग म्हणतो, हेच लिहा. ते म्हणतात, अहो हे काय लिहायचं, हे तर रोजचंच आहे.

प्रश्न : आपल्या मासिकाला आयएसएसएन आहे का? पीएचडीसाठी पेपर छापायचा आहे, फी किती? (एक संशोधक विद्यार्थी, नांदेड)

नाही, आणि फी पण नाही. आयएसएसएन हा नियतकालिकाचा नुसता ओळख क्रमांक आहे, दिल्लीच्या राष्ट्रीय विज्ञान ग्रंथालयातून मिळतो, त्याला पैसे पडत नाहीत आणि तो मिळाला म्हणजे आतला मजकूर दर्जेदार आहे असाही अर्थ होत नाही. तरी त्या आठ आकड्यांच्या नावावर आपल्याकडं केवढा बाजार भरला ते तुम्ही बघितलंच असेल, पैसे भरा, आठ दिवसांत पेपर घ्या. तो बाजार रोखायला यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) केअर लिस्ट, म्हणजे मान्य जर्नलांची यादी, काढली, ती पण फेब्रुवारी 2025 मध्ये बंद करून टाकली. आणि 2022 च्या नियमांनंतर पीएचडीचा प्रबंध सादर करायला आधी पेपर छापलाच पाहिजे अशी यूजीसीची सक्ती राहिलेली नाही, तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढं गाईडला विचारून घ्या. तुमच्या अभ्यासाचा विषय काय ते लिहिलं नाही. शाळेशी संबंध असेल तर त्यातलं मास्तरांच्या कामाचं दोन पानांत लिहून पाठवा, पॉइंट मिळणार नाहीत पण वाचणारे मिळतील.

प्रश्न : अंक कधी 20 तारखेला येतो, कधी येतच नाही. एवढं पोस्टाचं झंझट करण्यापेक्षा पीडीएफ टाका की ग्रुपवर. (एक वर्गणीदार, केज, जि. बीड)

दादा, तो पण खेळ करून झालाय. लॉकडाऊनमध्ये प्रेस बंद होती म्हणून आम्ही चार महिने पीडीएफ टाकली. इतकी फिरली की ज्यांना मी ओळखत नाही त्यांनी मला माझाच अंक 'अवश्य वाचा' म्हणून पाठवला. आनंद झाला. पुढच्या वर्षी वर्गणी गोळा करायला गेलो तर निम्मे म्हणले, सर पीडीएफ येतेय की, पैसे कशाचे?

तक्रार मात्र रास्त आहे. गावाच्या नावाखाली पिनकोड नसला की अंक तालुक्याला पडून राहतो, आणि बदली झाली की तुम्ही लोक सगळ्यांना पेढे देता पण आम्हाला नवा पत्ता देत नाही. तुमचा अंक गेल्या जूनपासून तुमच्या जुन्या शाळेत जातोय, तिथले हेडमास्तर तो आवडीनं वाचतात, त्यांनीच सांगितलं. रजिस्टरनं पाठवा असं काही जण म्हणतात, पण 1 सप्टेंबर 2025 पासून पोस्टानं रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्येच मिसळून टाकलंय, त्या दरानं दर महिन्याला अंक पाठवला तर तुमची वर्गणी दिवाळीच्या आत संपेल. सध्या केंद्रशाळेवर गठ्ठा टाकतो, शिक्षण परिषदेला आलेले शिक्षक आपापल्या गावचे अंक घेऊन जातात. ऊसतोडीच्या दिवसांत तोड कामगारांच्या मुलांच्या हंगामी वसतिगृहाचं काम असणारे शिक्षक परिषदेला येत नाहीत तेव्हा त्यांचे अंक राहतात, त्याला अजून उपाय सापडलेला नाही. आणि पीडीएफ आता तीन महिन्यांनी टाकतो, शिळी करून.

प्रश्न : जीआर (शासन निर्णय) का छापत नाही? टीईटीचं (शिक्षक पात्रता परीक्षेचं) काय झालं ते तुमच्या अंकात काहीच नाही. आम्हाला गोष्टी नकोत, माहिती पाहिजे. (एक शिक्षक, भोकरदन, जि. जालना)

महिन्यातून एकदा निघणाऱ्या अंकात जीआर छापला तर तो तुमच्या हातात पडेपर्यंत त्याचं शुद्धिपत्रक आलेलं असतं, म्हणून पूर्ण जीआर छापत नाही. पण टीईटीबद्दल काहीच नाही हे मात्र आमचं चुकलं, मान्य. थोडक्यात असं आहे की 1 सप्टेंबर 2025 ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला, त्यानुसार ज्यांच्या नोकरीची पाच वर्षांपेक्षा जास्त राहिलीत त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं, ज्यांची पाचपेक्षा कमी राहिलीत ते न देता निवृत्तीपर्यंत राहू शकतात पण त्यांना प्रमोशन पाहिजे असेल तर मात्र द्यावीच लागेल. वीस-वीस वर्षं शिकवलेल्या माणसानं परत परीक्षेला बसायचं हे डोक्याला ताप आहेच. पन्नाशीला आलेली आमची एक बाई शाळा सुटल्यावर लेकीच्या टेबलावर बसून बालमानसशास्त्र पाठ करायली आणि लेक तिचे प्रश्न घ्यायली, हे मी स्वतः बघितलं. पुढच्या अंकापासून दोन पानं टीईटीच्या तयारीला देतो.

ग्रुपवर जे जीआर फिरतात त्याचं एक लक्षात ठेवा. खऱ्या जीआरवर लांबलचक सांकेतांक असतो, तो शासनाच्या वेबसाइटवर टाकून बघा, सापडला तर खरा. मागं एकदा सुट्टीचं पत्र असंच आलं होतं, मी उत्साहानं मुखपृष्ठावर घेतलं, नंतर कळलं की ते दोन वर्षांपूर्वीचं, तारखेवर कुणीतरी बोट ठेवून फोटो काढलेला. त्या महिन्यात मी शिक्षण परिषदेला गेलो नाही.

प्रश्न : शिक्षक मतदारसंघाची निवडणूक आली की तुमचे विचार बदलतात का? मागच्या वेळी अंकात एका उमेदवाराची पानभर जाहिरात होती. (नाव छापू नये)

होती. पैसे घेतले, पावती दिली, वर 'जाहिरात' असं छापलं. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो, विधान परिषदेतल्या एक-द्वादशांश जागा शिक्षकांनी निवडून द्यायच्या असतात, पण मत फक्त माध्यमिक आणि त्याच्या वरच्यांना, तेही तीन वर्षं शिकवलेल्यांना. प्राथमिकच्या गुरुजींना मत नाही. आमचे निम्म्याच्या वर वाचक प्राथमिकचे, म्हणजे त्या जाहिरातीचा उमेदवाराला फारसा उपयोग झाला नसणार, पण ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

जाहिरातीपेक्षा त्रास दुसरीकडून होतो. एका संस्थाचालकांनी वर्षभराची जाहिरात दिली होती, मलपृष्ठ, रंगीत. सहाव्या महिन्यात त्यांच्याच शाळेतल्या विनाअनुदानित शिक्षकाचं पत्र आलं, पगार किती मिळतो, सही कितीवर घेतात. मी शाळेचं नाव काढून छापलं. नाव नसतानासुद्धा त्यांनी ओळखलं. जाहिरात बंद झाली, आणि उरलेल्या सहा महिन्यांचं मलपृष्ठ आम्ही शिक्षक पतसंस्थेला अर्ध्या किमतीत दिलं. त्या शिक्षकाला कुणी विचारलं नाही हे नशीब, कारण तेवढ्यानं त्याची नोकरी गेली असती आणि मी काहीच करू शकलो नसतो. तेव्हापासून असलं पत्र आलं की लिहिणाऱ्याला आधी दोनदा विचारतो, तिसऱ्यांदा त्याच्या घरच्यांना विचार म्हणतो.

प्रश्न : माझ्या लेखात 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' असं छापलं. मराठीच्या शिक्षिकेच्या नावाखाली अशी चूक शोभते का? (एक शिक्षिका, कळंब, जि. धाराशिव)

नाही शोभत, ताई, माफी मागतो. तुम्ही मोबाइलवर युनिकोडमध्ये टाइप केलं, आमचा डीटीपीवाला अजून श्रीलिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये, काम करतो, मधे कन्व्हर्टर, आणि तो कन्व्हर्टर र ला य जोडला की गोंधळतो. प्रूफ मी दोनदा वाचलं पण डोळ्याला जे अपेक्षित असतं तेच दिसतं. आता 'ऱ्य' असलेले शब्द शोधून शोधून वेगळे बघतो. या अंकात एखादा राहिला असेल तर पत्र टाकू नका, फोनच करा, पोस्टाचं वर सांगितलंच आहे.

प्रश्न : माझ्या सत्काराचा फोटो पाठवून चार महिने झाले. कधी छापणार? (एक मुख्याध्यापक, सेलू)

सर, फोटोत बारा जण आहेत, सगळ्यांच्या गळ्यात हार आणि खांद्यावर शाल आहे. तुम्ही कोणते तेवढं बाण काढून परत पाठवा.